कॅसेट पुसली की चालते, पंधरा दिवसांनी पुन्हा बंद: जुन्या व्हिडिओ गेमचा पावसाळी त्रास

त्रास असा आहे. जुनी कॅसेट मशीनमध्ये घातली की टीव्हीवर नुसता करडा पडदा. काढून पिना पुसल्या, पुन्हा घातली, चालली. चार दिवस झकास. मग परत तोच पडदा. परत पुसा, परत चालू, परत बंद. मे ते जुलै या तीन महिन्यांत मी हे चक्र चार वेळा फिरले. चूक कुठे होते ते पाचव्या वेळी कळलं, आणि ती कॅसेटमध्ये नव्हतीच. गोव्यात किंवा कोकणपट्टीत ज्यांच्या माळ्यावर जुने गेम पडले आहेत, त्यांचे हे तीन महिने वाचावेत म्हणून सगळं लिहून काढते.

मे महिन्यात आम्ही गोव्यातल्या माशेलचं जुनं घर आवरून पणजीजवळ समुद्रकाठच्या करंजाळ्याला फ्लॅटमध्ये राहायला आलो. माळ्यावरची पत्र्याची पेटी खाली काढली तेव्हा आई न उघडताच म्हणाली, "गो बाय, त्यात काही नाही, भंगारवाल्याला दे." उघडली तर आमचं लहानपण जसंच्या तसं आत. मामांनी मस्कतहून आणलेलं मशीन, दोन रिमोट, बदकं मारायची बंदूक, तेवीस कॅसेटी, दादाचा गेम बॉय, आणि त्याच्या पहिल्या पगारातून आलेल्या प्लेस्टेशनच्या बारा-तेरा डिस्क. एका कॅसेटवर आईच्या अक्षरात स्केचपेनने लिहिलेलं, "परीक्षेनंतर." पेटी भंगारात द्यायचा प्रश्न तिथेच मिटला.

मशीन मिळालं की लगेच वायर जोडून बघायचा मोह होतो. तो आवरा. आमच्या मशीनच्या खाचेत कुंभारमाशीने मातीचं घर बांधलं होतं, बोटाच्या पेराएवढं, वाळून दगडासारखं झालेलं. तशीच कॅसेट दाबली असती तर आतल्या पिना वाकल्या असत्या. टूथपिकने कण कण काढायला एक आख्खी दुपार गेली. रिमोटच्या वायरी मशीनभोवती गुंडाळून ठेवल्या होत्या, त्या वरच्या प्लास्टिकमध्ये रुतून बसल्या होत्या. मऊ वायरीत प्लास्टिक लवचिक ठेवणारं जे द्रव्य असतं ते वर्षानुवर्षं झिरपतं आणि ज्या डब्याला टेकेल त्याचं कडक प्लास्टिक मऊ करतं. ओढून काढू नका, हळूहळू सोडवा. चर राहतो, पण मशीनला इजा नसते. गेम बॉयच्या मागचं झाकण मात्र पहिल्या दिवशीच उघडा. सेल आत विसरलेले असले तर पांढरा खार साचलेला असतो. तो अल्कधर्मी असतो, म्हणून लिंबाच्या रसाचे किंवा व्हिनेगरचे दोन थेंब कापसाच्या काडीवर घेऊन पुसला की फेस येऊन सुटतो. नंतर तो आंबट ओलावा अल्कोहोलने नीट काढायला हवा, नाहीतर पट्ट्या परत गंजतात.

पडदा काय सांगतो ते आधी वाचा

निन्टेंडो या कंपनीने १५ जुलै १९८३ रोजी जपानमध्ये फॅमिकॉम हे व्हिडिओ गेमचं मशीन आणलं. त्याच्या कॅसेटीला ६० पिना होत्या. नव्वदच्या दशकात आपल्याकडे वेगवेगळ्या नावांनी जी मशीनं घरोघरी पोचली ती बहुतेक त्याचीच नक्कल, आणि कॅसेटीही तशाच ६० पिनांच्या. त्यामुळे फॅमिकॉमला लागू पडतं ते आपल्या मशीनलाही बरंचसं लागू पडतं. माझा सर्वांत जास्त वेळ वाचवला तो याच माहितीने.

या कॅसेटीत दोन वेगळ्या गोष्टी साठवलेल्या असतात, एक खेळाचा प्रोग्रॅम आणि दुसरी चित्रं. दोघांच्या पिना वेगळ्या. म्हणून नुसता एकरंगी पडदा आला, हलत नाही, आवाज नाही, तर प्रोग्रॅमच्या बाजूची एखादी पिन लागत नाही. पण गाणं वाजतंय, बटण दाबल्यावर काहीतरी उडी मारतंय, आणि मारिओच्या जागी चौकटी, रेघा, फुटकी अक्षरं दिसतायत, तर प्रोग्रॅम ठीक आहे आणि चित्रांच्या पिना मळल्या आहेत. तिसरा प्रकार मला ठाऊकच नव्हता. चित्र स्वच्छ, खेळ सुरळीत, आवाज मात्र अजिबात नाही. फॅमिकॉममध्ये आवाज मशीनमधून कॅसेटीत जातो आणि तिथून परत मशीनमध्ये येतो, त्यासाठी दोन पिना राखून ठेवलेल्या असतात. त्यांपैकी एक मळली की खेळ मुका होतो. मी आठवडाभर टीव्हीचा स्पीकर आणि वायर तपासत बसले होते. चूक कॅसेटीच्या एका काळ्या पडलेल्या पिनेत होती, आणि दहा सेकंदांत आवाज आला.

दुसरी परीक्षा याहून सोपी. एकच कॅसेट बिघडते की सगळ्याच? एकच असेल तर कॅसेट पाहा. आज ही, उद्या ती, असं आळीपाळीने होत असेल तर मशीनची खाच पाहा. माझ्याकडे आळीपाळीनेच होत होतं, तरी मी कॅसेटीच पुसत राहिले.

पुसायचं कसं

फुंकर मारू नका. आपण सगळ्यांनी लहानपणी मारली आहे आणि त्यानंतर कॅसेट चाललीही आहे. पण ती चालली बाहेर काढून पुन्हा घातल्यामुळे, पिना नव्या जागी टेकल्यामुळे. फुंकरीने श्वासातला दमटपणा तेवढा आत गेला. खुद्द निन्टेंडोनेही श्वासातल्या ओलाव्याने पिना गंजतात म्हणून फुंकू नका असं सांगून ठेवलेलं आहे.

लागतं ते आयसोप्रोपिल अल्कोहोल, ९९ टक्क्यांचं. ७० टक्केवाल्यात उरलेलं पाणी असतं, आणि आपल्याला पाणीच तर घालवायचं आहे. कोविडच्या काळात उरलेलं सॅनिटायझर चालणार नाही, त्यातल्या ग्लिसरीनचा चिकट थर मागे राहतो. बिजागरीला मारायचा तेलकट स्प्रेही नको. कापसाची काडी भिजवून, निथळून, पिनांच्या लांबीच्या दिशेने वरून खाली ओढायची. आडवी घासली तर मळ दोन पिनांच्या मधल्या फटीत जाऊन बसतो. काडी पांढरी निघेपर्यंत काड्या बदलत राहायचं. माझ्या सर्वांत वाईट कॅसेटीला अकरा लागल्या. पहिल्या तीन शाईसारख्या काळ्या, मग हिरवट, मग पिवळसर. हे अल्कोहोल झटकन पेट घेतं, म्हणून देव्हाऱ्यातली समई तेवत असेल त्या खोलीत हे काम नको.

हिरवा बुरा घट्ट बसला असेल तर मऊ पांढरा खोडरबर अगदी हलक्या हाताने. शाई खोडायचा खरबरीत रबर, पॉलिश पेपर, भांडी चमकवायची पेस्ट यांना हातही लावू नका. पिनांवर जो मुलामा असतो तो फार पातळ असतो. तो गेला की खालचं तांबं उघडं पडतं, आणि त्या दिवशी ती कॅसेट चकचकीत दिसली तरी पुढच्या पावसात पितळी समईसारखी काळवंडते. माझ्या दोन कॅसेटींचं मी असं नुकसान करून बसले आहे.

आता खाच. आपण कॅसेट दहा वेळा पुसतो आणि खाच एकदाही नाही. मग खाचेतला मळ पुसलेल्या कॅसेटीला पहिल्याच वेळी लागतो. मशीन बंद करून अडॅप्टर भिंतीतून काढा. कॅसेटीच्या बोर्डाइतकंच जाड पुठ्ठ्याचं कार्ड घ्या, त्याला सुती कापडाचा एकच पदर लावा, अल्कोहोलने ओलसर करा आणि खाचेत सरळ खालीवर करा, आठ-दहा वेळा. कापड जाड झालं तर आतल्या स्प्रिंगसारख्या पिना कायमच्या फाकतात, आणि मग कोणतीच कॅसेट घट्ट बसत नाही. कापडावर काळ्या रेघा उमटतात. जिथे रेघ उमटत नाही ती पिन आत दबलेली आहे असं समजा. मला अशा दोन सापडल्या. बारीक सुईने जेमतेम अर्धा मिलिमीटर पुढे आणल्या, आणि निम्म्या कॅसेटी त्याच संध्याकाळी सुधारल्या.

हे सगळं केल्यावर अर्धा तास सुकू द्या, मगच वीज.

अडॅप्टरचा संशय

खेळ सुरू होतो आणि मध्येच पहिल्यापासून चालू होतो, किंवा पडद्यावर आडवा पट्टा सरकत राहतो, तर अडॅप्टर बघा. अशा मशीनमध्ये आत ५ व्होल्ट करणारा रेग्युलेटर असतो, त्याला काम करायला साधारण ७ व्होल्ट तरी मिळावे लागतात. जुना जड अडॅप्टर मोकळा असताना मीटरवर छापील ९ व्होल्टपेक्षा बराच जास्त दाखवतो. ते चुकीचं नाही. मशीन जोडलेलं असताना किती उरतात ते मोजा. नवा घेताना प्लगच्या आतलं टोक उणे की अधिक हे मशीनवरच्या चित्रात बघूनच घ्या. मूळ फॅमिकॉमचं आतलं टोक उणे असतं. सेगाच्या पहिल्या मेगा ड्राइव्हचं उणे, आणि दुसऱ्या आवृत्तीचं अधिक. एकाचा दुसऱ्याला लावला तर मशीन जळू शकतं.

नव्या एलईडी टीव्हीवर बंदूक चालणार नाही, तो बिघाड नाही. ती जुन्या काचेच्या टीव्हीत रेघ कशी वरून खाली फिरते त्या वेळेवर अवलंबून असते. नव्या टीव्हीच्या एव्हीच्या भोकात जी छोटी पिन जाते तिची जोडणी प्रत्येक वायरीत वेगळी असू शकते. चित्राच्या जागी घरघर ऐकू आली तर पिवळी वायर लाल किंवा पांढऱ्या जागी लावून बघा.

मग पुन्हा पुन्हा का?

वरचं सगळं मी जूनच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत केलं होतं. खाच स्वच्छ, कॅसेटी स्वच्छ, अडॅप्टर ठणठणीत. जुलैच्या पहिल्या आठवड्यात तेवीसपैकी नऊ कॅसेटी परत बंद.

कॅसेटी मी घरातल्या सर्वांत कोरड्या जागी ठेवत होते, झोपायच्या खोलीत, जिथे रात्रभर एसी चालतो. हॉलमध्ये एसी नाही, तिथे टीव्ही. एका संध्याकाळी पाऊस नुकताच थांबला होता. मी खोलीतून डबा आणला, कॅसेट काढली आणि तिच्या गुळगुळीत लेबलवरून सहज बोट फिरवलं. ओली रेघ उमटली. कॅसेट उलटी करून पिनांवर बोट टेकवलं, तिथेही ओल. फ्रिजमधून बाटली बाहेर काढली की तिला घाम फुटतो, अगदी तसा कॅसेटीला फुटला होता. आणि तशीच घामेजलेली कॅसेट मी रोज संध्याकाळी खाचेत घालत होते.

हिशोब करून बघा. हवा ३० अंशांवर आहे आणि आर्द्रता ८५ टक्के आहे, म्हणजे आपल्याकडचा जुलैतला साधा दिवस, तर त्या हवेचा दवबिंदू २७ अंशांच्या आसपास येतो. २७ च्या खाली असलेल्या कोणत्याही वस्तूवर पाणी धरणारच. माझा एसी २४ वर असतो. पणजीच्या पट्ट्यात वर्षाकाठी सरासरी ३००० मिलिमीटरच्या जवळपास पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक या चार महिन्यांत. म्हणजे चार महिने रोज हेच.

त्यात समुद्र. माशेलला नदी आहे, पण समुद्राचा वारा थेट घरात येत नव्हता. करंजाळ्याला खिडकीच्या काचेवर दोन दिवसांत मिठाची साय येते. मिठाचा स्वभाव आपण स्वयंपाकघरात बघतोच, पावसात बरणीत पाणी सुटतं. हवेची आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलं पाणी ओढून स्वतःच विरघळतं. पिनांवर अशा मिठाचा नुसता अंश असला तरी पावसाळाभर तिथे खारट पाण्याचा थर राहतो, आणि त्यात वीज सोडली की धातू खाल्ला जातो. पेटीत वीसेक वर्षं पडून ज्या कॅसेटी टिकल्या त्या दोन महिन्यांत माझ्या हातून का खराब होत होत्या, त्याचं उत्तर हे.

उपाय एकदा कळला की सोपा आहे. कॅसेटी एसीच्या खोलीतून बाहेर काढल्या आणि जिथे खेळायचं त्याच खोलीत, बाहेरच्या भिंतीला न टेकणाऱ्या कपाटात ठेवल्या. रबरी कडा असलेला घट्ट झाकणाचा डबा घेतला, चकल्यांना घेतो तसलाच, मोठा. आत सिलिका जेल, पाच लिटरच्या डब्याला मी शंभर ग्रॅमच्या आसपास टाकते, सुती पिशवीत बांधून. रंग बदलणारं घ्या. नारिंगीचं हिरवं झालं की ते भरलं. ओव्हनमध्ये ११० ते १२० अंशांवर दोन तास तापवलं की परत नारिंगी होतं, फेकायचं नाही. डब्यात एक छोटा आर्द्रतामापक ठेवला आहे. त्या दिवशी हॉलमध्ये ८७ होते, डब्यात ४४. चाळीस ते पन्नासच्या मध्ये राहिलं की पुरे.

आईने उकड्या तांदळात ठेवायला सांगितलं होतं. तिचं मन राखायला एक कॅसेट ठेवून बघितली. तांदूळ इतका ओलावा ओढत नाही, आणि त्याची पूड पिनांत जाते. डांबरगोळ्याही काढून टाका. त्यांच्या वाफेने काही प्लास्टिक चिकट होतात. पेटीत गोळीला टेकून असलेली एक कॅसेट आजही हाताला लागते ती गुळासारखी.

एसीच्या खोलीतून काही बाहेर आणायचंच असेल तर डबा बंद ठेवूनच आणा आणि दोन तास उघडू नका. आतली कोरडी हवा हळूहळू तापते, दव धरत नाही. मशीनलाही हेच लागू. खेळून झाल्यावर खाचेवर कापडी टोपी घालते, कॅसेट खाचेत ठेवून देत नाही.

हे जुलैच्या मध्यावर सुरू केलं. आज सप्टेंबर उजाडला आहे. नऊपैकी आठ कॅसेटी एकदा पुसल्या त्या तशाच चालतायत.

गेम बॉयचे जतन केलेले खेळ

इथे घाई अजिबात नको. खेळ कुठवर आला हे ज्या कॅसेटी लक्षात ठेवतात त्यांतल्या बऱ्याचशांच्या आत ३ व्होल्टचा बटणाएवढा सेल असतो. खेळ स्वतः त्यावर अवलंबून नसतो, नोंद असते. सेल संपला की खेळ चालतो, पण बंद करून चालू केला की पहिल्यापासून. पोकेमॉन गोल्ड आणि सिल्व्हरमध्ये त्याच सेलवर घड्याळही चालतं, म्हणून तो लवकर संपतो.

सेल काढला की नोंद त्याच क्षणी जाते. दादाची नोंद शाबूत निघाली, अठ्ठावन्न तासांची, आमच्या कुत्र्याच्या नावाचा प्राणी त्यात अजून आहे. म्हणून आधी यूएसबीला लागणाऱ्या रीडरवर ती नोंद संगणकात उतरवून घेतली, दोन ठिकाणी ठेवली, आणि मगच सेल बदलायचं ठरवलं. नवा सेल पट्ट्या जोडून आलेलाच घ्या. साध्या सेलवर थेट डाग देऊ नका, लिथियमचा सेल तापून फुटू शकतो. कोणता नंबर हवा ते जुन्या सेलवरच कोरलेलं असतं. कॅसेट उघडायला ३.८ मिलिमीटरचा वेगळ्या तोंडाचा स्क्रूड्रायव्हर लागतो. डाग द्यायचा सराव नसेल तर मोबाइल दुरुस्त करणाऱ्याकडे द्या, पण नोंद उतरवल्याशिवाय नको.

डिस्कांचं थोडक्यात सांगते. मधून कडेकडे सरळ पुसायच्या, गोल गोल नाही. बुरशी वरवरची असेल तर निघते. झाडाच्या फांद्यांसारखी नक्षी आतल्या थरात दिसली तर ती डिस्क गेली. सीडीचा चकचकीत थर लेबलच्या लगेच खाली असतो, म्हणून वरच्या बाजूचा ओरखडा खालच्यापेक्षा वाईट. माझ्या दोन गेल्या, बाकीच्या लागतात.

राहिली ती नववी कॅसेट. काळ्या लाखेच्या गोळ्याखाली चिप असलेली, खूप खेळ एकात असं सांगून विकायचे तसली. पिना स्वच्छ आहेत, मीटरने एक एक तपासल्या, तरी करडा पडदा. त्या गोळ्याच्या कडेने ओल आत शिरली असेल तर घरी काही करता येत नाही. एकदा मंद उन्हात दोन दिवस ठेवून मग सिलिका जेलच्या डब्यात महिनाभर बंद करून बघणार आहे. हिच्यावरच आईने लिहिलं होतं, "परीक्षेनंतर." दादा चवथीला घरी येईल तेव्हा डबा उघडू.